शाल, श्रीफळ आणि पेटीचा भाता

आमच्या कुहीत हिवाळ्यात दोन पिकं येतात. एक मिरचीचं आणि दुसरं सत्काराचं. दोन्ही डिसेंबर-जानेवारीत भरात येतात आणि दोन्हींमुळे माझ्या डोळ्यांत पाणी येतं. मिरचीचं मी समजू शकतो. तो तिचा धर्मच आहे. पण सत्काराबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत, आणि ते जरा तिखटच बोलायचे आहेत.

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे हा कोण टिकोजीराव लागून गेला, असं तुम्हांला विचारावं लागणार नाही. वय सत्तेचाळीस, शिक्षण बी.कॉम., धंदा बँकेतली कारकुनी. हल्ली आम्हांला कारकून म्हणत नाहीत, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. पण पासबुक छापायचं मशीन बंद पडलं की लोक आम्हांला ज्या नावांनी हाक मारतात, ती नावं काही बदललेली नाहीत. बँकेत असल्यामुळे गावातली प्रत्येक समिती मला खजिनदार करते. गणपती असो, भागवत सप्ताह असो की वर्गमित्रांचा मेळावा असो. जो माणूस दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजतो, त्याला संध्याकाळी विरंगुळा म्हणूनही दुसऱ्याचेच पैसे मोजायला आवडत असणार, अशी लोकांची भाबडी समजूत आहे.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलन समितीचा मी खजिनदार होतो. शाळेचं नाव सांगत नाही. माझी मुलगी अजून त्याच शाळेत आहे आणि तिची दहावी व्हायची आहे.

समितीची पहिली बैठक झाली. विषय पहिला, सत्कारमूर्तींची यादी. विषय दुसरा, मंडप. विषय तिसरा, पाहुण्यांचं जेवण. मुलं रंगमंचावर नेमकं काय करणार, हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात होता, आणि तो ऐनवेळीही आला नाही, कारण तोपर्यंत चहा आला.

यादीत तेवीस नावं होती. एकानं सिमेंटचे चार बाक दिले होते आणि त्यांवर आपलं नाव दोन्ही बाजूंनी रंगवून घेतलं होतं, म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीमुळे ते झाकलं जाऊ नये. एकानं पाणी गार करायचं यंत्र दिलं होतं, त्याला अजून वीज मिळायची होती. एकजण मूळचा कुहीचा असून आता नागपूरला राहतो, ही त्याची कामगिरी. तिघे मागच्या वर्षीचे होते. तेव्हा ते सत्काराला येऊ शकले नव्हते, म्हणून त्यांची शाल पुढील खात्यावर ओढली होती. आमच्या शास्त्रात ह्याला ‘कॅरीड फॉरवर्ड’ म्हणतात.

मी हळूच म्हटलं, “आपल्या ड्रॉइंगच्या सरांचं नाव घालायचं का? आणि पडदा ओढणाऱ्या शिपाईदादांचं?”

समितीत शांतता पसरली. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “त्याईनं शाळेले देल्लं काय जी?”

प्रश्न बिनतोड होता. मी यादीवर सही केली आणि घरी आलो. घरी येऊन बायकोसमोर मात्र मी पाऊण तास अत्यंत घणाघाती भाषण केलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, “हे तिकडे बोलायचं असतं.” म्हणून आता इथे बोलतो आहे.

सरांनी शाळेला दिलं काय, ते सांगतो.

हजेरीपटावर ते चित्रकलेचे शिक्षक. ते घासून घासून शाईची दौत आणि केळ्यांचा घड काढायला शिकवीत. पण शाळा सुटल्यावर साडेपाचला ते कोपऱ्यातल्या खोलीचं कुलूप उघडायचे, शाळेची पेटी बाहेर काढायचे आणि तिच्यावरची धूळ आपल्या रुमालानं पुसायचे. त्या क्षणापासून ते आमचे नाटकाचे सर होत. ह्या दुसऱ्या नोकरीचा पगार नव्हता, नेमणुकीचं पत्र नव्हतं आणि रजाही नव्हती.

१९९३ सालच्या संमेलनात त्यांनी आम्हां पोरांचं संगीत नाटक बसवलं. नाटक त्यांचंच. राजा, प्रधान, दुष्काळ आणि शेवटी पाऊस, असं साधंच होतं. पण पदं अकरा होती आणि ती मुलांनी स्वतः गायची होती. मला राज्याच्या खजिनदाराचं काम मिळालं होतं. दरबारात यायचं, तिजोरी रिकामी आहे असं दोन ओळींच्या पदात सांगायचं आणि निघून जायचं. तेव्हापासून आजतागायत माझ्या कामाचं स्वरूप फारसं बदललेलं नाही.

आता गंमत बघा. तालमी सुरू झाल्या आणि माझा आवाज फुटला. सकाळी एक आवाज, दुपारी दुसरा, आणि पदाच्या मध्यावर दोन्ही एकदम. पोरं हसून लोळायची. दुसरा कोणी असता तर त्यानं माझ्याकडून पद काढून घेतलं असतं. सरांनी काही न बोलता माझं पद काळी चारवरून काळी एकवर आणलं. माझ्या एकट्यासाठी! त्यासाठी मागचं पद संपल्यावर तबलजीला तबला उतरवून घ्यावा लागे, म्हणून सरांनी मध्ये विदूषकाचे चार संवाद वाढवले. खजिनदाराचा गळा फुटला म्हणून विदूषकाची भूमिका वाढली, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासात कुठे नोंदलेलं नाही. ते मी इथे नोंदवून ठेवतो.

तो तबलजी उमरेडहून यायचा. नागपूर–नागभीड नॅरोगेज गाडीनं. ती गाडी २०१९ साली मोठ्या रुळांसाठी बंद झाली; त्या वेळी मात्र ती आमच्या तालमीचं घड्याळ होती. गाडी लेट असली की दुष्काळ लांबायचा. राजाचा कोट गावच्या शिंप्यानं बँडवाल्यांच्या जुन्या गणवेशातून शिवला होता. शिलाई घेतली नाही, फक्त बटणांचे पैसे घेतले. जंगल म्हणून मागे जी हिरवी लुगडी टांगली होती, ती मिरचीच्या सातऱ्यावर देठं खुडायला जाणाऱ्या एका मुलाच्या आईची आणि तिच्या जावेची. त्या लुगड्यांत मिरचीचा असा काही खकाणा मुरला होता, की वनात शिरलेली राजकन्या पहिल्याच आलापात तीनदा शिंकली. लोकांना वाटलं, सर्दीचा अभिनय आहे. टाळ्या पडल्या. आणि शिपाईदादा! त्यांना सबंध नाटक पाठ होतं. पडदा ओढता ओढता ते विंगेतून पुटपुटत राहायचे आणि विसरलेलं वाक्य ज्याचं त्याला बरोबर पोचवायचे.

प्रयोगाच्या रात्री मी समोर गर्दी बघितली आणि पहिल्या ओळीनंतर दुसरी ओळ डोक्यातून साफ निघून गेली. पोटात गोळा आला. तेव्हा पेटीनं ती ओळ सबंध वाजवून दाखवली, जणू काही ती नाटकातच होती; मग पुन्हा पहिला सूर धरून थांबली. एक बोट त्या सुरावर आणि सरांची नजर माझ्यावर. त्या नजरेत राग नव्हता. ‘ये, मी थांबलो आहे,’ एवढंच होतं. मी गायलो. बरं गायलो की वाईट, ते देवाला ठाऊक. पण आज भर दुपारी, दोनशे माणसांच्या कोलाहलात, मी काउंटरवरून टोकन नंबर पुकारतो तो दाराबाहेरच्या म्हातारीलाही ऐकू जातो, तो आवाज त्या रात्रीचा आहे. आता विचारा, शाळेले देल्लं काय!

बरं, गेल्या हिवाळ्यातल्या संमेलनाचं ऐका. एका तरुण मॅडमनी आठवीच्या मुलींचं एक अठरा मिनिटांचं संगीत नाटुकलं बसवलं होतं. पेनड्राइव्हवरचं गाणं नाही. मुली स्वतः गाणार होत्या. दीड महिना तालमी झाल्या. कार्यक्रम सहाचा, पाहुणे सातला आले. मग सत्कार सुरू झाले. मी वाणिज्य शाखेचा माणूस, बसल्या जागी हिशेब केला. नाव पुकारणं, सत्कारमूर्ती गर्दीतून वर येणं, शाल उलटी निघणं, ती सुलटी करणं, नारळ, स्मृतिचिन्ह, फोटो, फोटोत डोळे मिटले म्हणून पुन्हा फोटो; सरासरी पाच मिनिटं. तेवीस पंचे एकशे पंधरा. त्यात भाषणं धरलेली नाहीत. शेवटच्या वक्त्यानं ‘ग्रामीण मुलांना व्यासपीठ मिळालं पाहिजे’ ह्या विषयावर पंचवीस मिनिटं अत्यंत तळमळीनं भाषण केलं, आणि एवढा वेळ ते व्यासपीठ अडवून तोच उभा होता.

दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. मॅडमना निरोप आला, सहा मिनिटांत आटपा. त्यांनी विंगेत उभ्या उभ्या पदं कापली. जिचं पद कापलं गेलं त्यातली एक मुलगी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट. ती रडली नाही. नुसती ओठ हलवून आपलं पद मनातल्या मनात म्हणत होती. माझ्यासमोर टेबलावर उरलेल्या दोन शाली होत्या. इतकी लाज मला कॅश कमी भरली तेव्हाही वाटली नव्हती, कारण ह्या हिशेबावर सही माझीच होती.

आता ह्यावर जी उत्तरं मिळतात ती मला पाठ आहेत.

पहिलं उत्तर, “पोट्ट्याईले आता हे पेटीबिटी नाई आवडत.” असं? आंभोऱ्याला वैनगंगेवर २०२४ साली मोठा झुलता पूल सुरू झाला. पलीकडे भंडारा जिल्हा. तिथून खाली चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत झाडीपट्टी पसरली आहे. दिवाळी झाली की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात, लोक तिकीट काढून, घोंगडी पांघरून, रात्रभर गाण्यांची नाटकं बघतात, आणि त्यात पोट्टेही असतात. त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. दिल्लीला जे ऐकू गेलं, ते नदीच्या अलीकडे आम्हांला ऐकू येत नाही. कानाचा दोष असेल. शालींमुळे कान झाकले जातात.

दुसरं उत्तर, “नाटकानं मार्क मिळतात का?” मिळतात! चित्रकला, शास्त्रीय संगीत, लोककला यांसाठी दहावीला जादा गुण देण्याची सोय आपल्याच बोर्डानं केली आहे. गुण मुलाला. ते ज्यानं शिकवलं, त्याला काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची एकदा काढून बघा. सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून जास्त मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी निदेशक हवा, असं त्यात आहे. वाचून मला आनंद झाला. मग शब्द पुन्हा वाचला; ‘अंशकालीन’ निदेशक. म्हणजे गणित पूर्ण वेळ, गाणं उरल्या वेळात. आमच्या सरांनी कायद्याच्या आधीच उरल्या वेळात ते केलं होतं, आणि फुकट.

तिसरं उत्तर सगळ्यांत मोठं. “शाळेतलं नाटक म्हणजे पोरखेळ, त्याचा कसला गौरव?” अहो, ज्या संगीत रंगभूमीचा आपण मराठी माणसं उठता बसता अभिमान सांगतो, तिची मुळं बघा. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावला शाळामास्तर होते. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे त्याच शाळेत मास्तर झाला आणि मग अण्णासाहेबांच्या नाटक मंडळीत गेला. त्याचं नाव गोविंद बल्लाळ देवल. १८९९ साली ‘संगीत शारदा’ लिहिणारे तेच हे. एका मास्तरानं एका पोराला नाटकाचा नाद लावला नसता, तर आपल्याला अभिमान सांगायला अर्धाच विषय उरला असता. त्या बेळगावच्या शाळेत तेव्हा बाक कोणी दिले होते, हे कुणाला आठवतं का?

आणि परदेशाचं उदाहरण दिल्याशिवाय आपल्याकडे काही पटत नाही म्हणून तेही देतो. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलामुलींच्या संगीत नाटकांसाठी २००९ पासून न्यूयॉर्कला, थेट ब्रॉडवेवर, राष्ट्रीय पातळीवरचा ‘जिमी’ पुरस्कार देतात. आणि टोनी पुरस्कार, म्हणजे तिथल्या नाटकवाल्यांचा सर्वांत मोठा मान. त्यात २०१५ पासून एका नाट्यशिक्षकाचाही गौरव होतो. नटाचा नाही, निर्मात्याचा नाही. शाळेत पोरांकडून नाटक बसवून घेणाऱ्या मास्तराचा. त्या देशाच्या सगळ्याच गोष्टी घ्याव्यात असं मी म्हणत नाही. पण पिझ्झा कुहीपर्यंत पोचला, तर हेही पोचायला हरकत नव्हती.

माझा दात्यांवर राग नाही. बाक लागतात, मीही त्यांवर बसतो. देणाऱ्याचे आभार मानावेत. नोटीस बोर्डावर नावं लावावीत, वाटल्यास रोज परिपाठात वाचावीत. पण पैसे देणाऱ्याला पावती मिळतेच. ज्यानं वेळ दिला, कान दिला, गळा दिला, त्याला पावती कोणतं खातं देणार? आणि सत्कार करणं म्हणजे मुलांची रात्र कापून मोठ्यांना वाटणं, हे तर कोणत्याच खात्यात बसत नाही. आमच्या धंद्यात एकाच्या ठेवीतून दुसऱ्याला उचल दिली, तर त्याला फार वाईट शब्द आहे.

ह्या वर्षी नोव्हेंबरात सर बँकेत आले. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा महिना. कोषागाराच्या यादीत नावापुढे सही करून आपण हयात आहोत हे सांगायचं. तारीख पाच होती, म्हणजे मराठी रंगभूमी दिन. ते त्यांच्याही लक्षात नव्हतं, माझ्याही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरनं सांगितलं. सर आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. नातवाचा हात धरून येतात. मला अजून नावानं हाक मारत नाहीत.

“काय खजिनदार, तिजोरीत आहे का काही?”

“रिकामीच आहे सर,” मी सवयीनं म्हणालो.

“बरं. मी हाओ म्हणून लिहून घे बाप्पा.”

त्यांनी सही केली. चित्रकलेच्या शिक्षकाची सही, हात थरथरला तरी वळण तेच. मला राहवलं नाही. म्हटलं, “सर, ह्या वर्षी संमेलनात तुमचा सत्कार करायचा माझा विचार आहे. समितीत भांडून करीन.”

ते हसले. म्हणाले, “शाली घरी तीन आहेत, त्या नातसुनेनं दिवाणावर टाकल्या. आणि मला वर चढवायला दोन माणसं लागतात. तेवढ्या वेळात पोरांचं एक पद होते.” मग जरा थांबून हळूच विचारलं, “ती पेटी आहे का रे अजून? मागे ऐकलं, भाता फाटला म्हणून.”

मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेलो. पेटी होती. कोपऱ्यातल्या खोलीत, मोडक्या बाकांखाली, उंदरांच्या स्वाधीन. डेडस्टॉक रजिस्टरात तिचा अनुक्रमांकही होता. त्या नव्या मॅडम म्हणाल्या, “मी तालमीला मोबाइलवरच सूर लावते. पेटी दुरुस्त करून मागितली होती. पण तरतूद नाही म्हणाले.”

तरतूद नाही! माझ्याकडे गेल्या वर्षीच्या शाली-श्रीफळांचं बिल होतं. ते मी घरी जाऊन काढलं. मग पेटी रिक्षात घालून नागपूरला नेली. कारागिरानं भाता बदलला, चार सूर नवे बसवले, काळी एक जरा अडकत होती ती मोकळी केली. सगळा खर्च मिळून नऊ शालींच्या आत बसला. येताना मी सरांच्या दारात थांबलो. त्यांनी ओट्यावर बसूनच भाता उघडला, तीन-चार सूर वाजवले आणि नातवाला म्हणाले, “बाहेरचं दार लाव. धूळ येते.” मग तासभर आम्ही काही बोललो नाही. त्या मॅडम आता शनिवारी दोन मुली घेऊन तिथे जातात. त्यांतल्या एकीचं पद गेल्या वर्षी कापलं गेलं होतं.

पेटीच्या दुरुस्तीची पावती मी समितीच्या फाइलला लावली आहे. सचिवांनी विचारलं, “हे कोणत्या शीर्षाखाली टाकायचं? दुरुस्ती की किरकोळ?”

मी लिहिलं, ‘सत्कार’. बघू, ऑडिटर काय म्हणतो ते.